पाहुण्याचं कौतुक, घरच्याचं मत



'माझं वाचन' या विषयावर बोलायला बोलावलं की वक्त्याची एक सोय असते. चार थोर ग्रंथांची नावं घ्यायची, 'या पुस्तकांनी मला घडवलं' असं गहिवरून म्हणायचं आणि वेळ संपवायची. ऐकणाऱ्यालाही त्रास नाही, बोलणाऱ्यालाही नाही. आज मी तसं करणार नाही. माझ्या कपाटातल्या काही पुस्तकांबद्दलची माझी मतं सांगणार आहे. मत म्हणजे आवडलेलं आणि खटकलेलं, दोन्ही आलं.

असं का, ते आधी सांगतो. मी मराठीत कविता लिहितो आणि माझं नाव मुसलमानी आहे. त्यामुळे कुठेही कविता वाचून खाली उतरलो की एक वाक्य ठरलेलं असतं : 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तो आपुलकीने हात हातात घेतो, चहा पाजतो. पण हेच वाक्य शेजारी बसलेल्या जोशी कवीला किंवा पाटील कवीला कोणी म्हणत नाही. त्याची कविता फसली तर 'आज जमली नाही' असं तोंडावर सांगतात. मला मात्र कौतुक मिळतं. पाहुण्याने आपल्याकडची आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली की यजमानाला बरं वाटतं, तसं ते कौतुक असतं.

आता पाहुणा कसा वागतो तेही आठवून पाहा. पानात पडेल ते तो गोड मानून घेतो. मीठ कमी आहे, पोळी कच्ची राहिली आहे, हे पाहुणा सांगत नाही. ते घरचा माणूस सांगतो. कौतुक पाहुण्याला शोभतं, मत घरच्याला असतं. मराठी पुस्तकांबद्दल मला मतं आहेत, बरीच आहेत, आणि काही तिखटही आहेत. ती मोकळेपणाने सांगणं हाच माझ्या घरपणाचा दाखला आहे, असं मी मानतो.

मी राहतो कासार आंबोलीला. पुण्याहून पौडकडे निघालात की पिरंगुट मागे टाकल्यावर आमचं गाव लागतं. तालुका मुळशी. घरात एक लोखंडी कपाट आहे. त्यातली बरीचशी पुस्तकं पुण्यातल्या फुटपाथवर जुन्या बाजारभावाने घेतलेली, काही मागून आणलेली आणि परत करायची राहिलेली. कपाटात शिस्त नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकाला खेटून इतिहास उभा आहे आणि कोशाच्या अंगावर कादंबरी रेललेली आहे. त्यातलीच काही पुस्तकं काढून बोलतो.

पहिलं पुस्तक 'रुचिरा'. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि मराठी घराघरांत गेलं. कवीने वाचनाच्या भाषणाची सुरुवात पाककृतींनी करावी याचं काहींना हसू येईल. पण गद्य कसं लिहावं हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. विशेषणं जवळजवळ नाहीत. सगळं काम क्रियापदं करतात : चिरणं, परतणं, मुरवणं, उतरवणं. एकही क्रिया मागेपुढे झाली तर पदार्थ बिघडणार, म्हणून प्रत्येक वाक्य आपल्या जागी. शिवाय वाटी आणि चमचा ही मापं देऊन कमलाबाईंनी एक मोठं काम केलं. आमच्या अम्माचा शिरखुर्मा अंदाजाने व्हायचा. दूध किती, शेवया किती, असं विचारलं की 'अंदाजाने घाल' एवढंच उत्तर. अंदाज हा ज्याच्या हातात असतो त्याच्याबरोबरच जातो. वाटी-चमच्याने तो कागदावर उतरला आणि आईपासून दूर, परगावी, परदेशी संसार थाटलेल्या मुलींच्या हाती लागला.

खटकलेलंही सांगतो. या पुस्तकात चूल आहे, पण चुलीपुढे उभी असलेली बाई मला दिसत नाही. तिचा धूर, तिची कंबर, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं तिचं जेवण, यातलं काही नाही. पाककृतीच्या पुस्तकात ते कशाला हवं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण मग ते कुठे आहे, हे शोधायला आपण दुसऱ्या पुस्तकाकडे वळलं पाहिजे. एका पुस्तकाची उणीव दुसऱ्या पुस्तकाने भरून काढायची, यालाच मी वाचन म्हणतो.

ते दुसरं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मधोमध चिरला गेला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या आणि पुढे त्यांनी स्वतःही तो धर्म स्वीकारला. एवढा मोठा विषय! दुसऱ्या कोणी लिहिला असता तर एक तर प्रवचन झालं असतं किंवा विलाप. बाईंनी तो हसत लिहिला. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःचं अज्ञान, घरातली ओढाताण, सगळ्यांकडे त्या सारख्याच नजरेने बघतात. धर्म कागदोपत्री एका दिवसात बदलतो, पण सोवळं-ओवळं स्वयंपाकघरातून निघायला वेळ लागतो, ही गोष्ट या पुस्तकाइतकी खरी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

माझं मत असं, की मराठीत धर्माबद्दल लिहिलेलं सर्वांत शहाणं पुस्तक हे आहे. आणि ते शहाणं आहे याचं कारण ते धर्माबद्दल लिहायला बसून लिहिलेलं नाही. तक्रार एकच. बाई इतक्या छान हसवतात की त्यांचं दुःख वाचकाच्या हातून निसटतं. लोक त्यातले विनोदी प्रसंग सांगतात आणि पुस्तक मिटतात. ही तक्रार बाईंपेक्षा आपल्याविषयीच जास्त आहे. हसणाऱ्या बाईच्या मागे काय चाललं आहे हे बघायची आपल्याला सवय नाही.

आता एक प्रवासाचं पुस्तक. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होतं आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी बातमी आली. म्हणून चुलत्यांबरोबर निघाले, ते नेमके १८५७ साली. गेले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडात. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. वाटेत लुबाडले गेले. अखेर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. हे सारं त्यांनी पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढलं. वैद्यांनी १९०७ साली ते छापलं, तेही बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक वाचायला मिळालं ते दत्तो वामन पोतदारांमुळे, १९६६ साली.

मला या पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी, की लिहिणाऱ्याला वीर व्हायचं नाही. भीती वाटली तर भीती वाटली असं तो लिहितो. दक्षिणा किती मिळाली, कोणी जेवायला काय घातलं, हे नीट सांगतो. मोठ्या घटनेत सापडलेला साधा माणूस कसा विचार करतो, हे त्यातून कळतं. इतिहासाच्या पुस्तकातली माणसं तलवार घेऊन उभी असतात. इथे एक माणूस कावड सांभाळत उभा आहे. पण भटजींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असंही माझं सांगणं आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि धर्मशाळेत कानावर आलेलं ते एकाच सुरात सांगतात. वाचकाने दोन्ही वेगळं करत वाचायला हवं. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टी आपण अशाच ऐकतो ना? त्याचा मान राखायचा, आणि कुठला भाग वाढवलेला आहे तेही मनात ओळखायचं.

आता जरा नाजूक जागी जातो. साने गुरुजींची 'श्यामची आई'. गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या चारपाच दिवसांत लिहिली. पुस्तक १९३५ साली आलं. बेचाळीस रात्रींच्या या गोष्टी आमच्याही घरात वाचल्या गेल्या. अम्माला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी वाचायचो आणि ती भाकरी थापत ऐकायची. आचार, सण, देव वेगळे. पण पोराच्या अंगी चांगलं वळण यावं म्हणून कठोर होणारी आई तिला परकी वाटली नाही.

तरीही माझं मत आहे की या पुस्तकात रडणं फार आहे. मुलाला चांगुलपणा शिकवायचा तर दर वेळी डोळ्यांत पाणीच यायला हवं असं नाही. लक्ष्मीबाईंकडून हसून झालेले संस्कारही तितकेच खोल जातात. गुरुजींबद्दल असं बोललेलं काहींना आवडणार नाही. पण ज्यांना आपण आपलं मानतो त्यांच्याशीच असं बोलता येतं.

त्याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचं एक पुस्तक लिहिलं आहे. पैगंबरांचं चरित्र आणि अरबस्तानातला तो काळ त्यात आहे. मुसलमान नसलेल्या माणसाने मराठीत इतक्या प्रेमाने हा विषय मांडावा, याचं मोल मी जाणतो. पण ते वाचताना माझ्या मनात गंमतीदार विचार आला. मराठीच्या घरात मला जसं पाहुणा म्हणून वागवतात, तसे गुरुजी माझ्या घरात पाहुण्यासारखे वागले आहेत. अत्यंत अदबीने, सगळं गोड मानून घेत. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसलेला हा माणूस. आपल्या धर्माशी तो केवढा भांडला! तसा आमच्याशीही जरा भांडला असता, दोन अवघड प्रश्न विचारले असते, तर मला अधिक जवळचा वाटला असता. अदब ही चांगलीच गोष्ट. पण तिच्यात थोडं अंतर असतं.

त्यामुळेच पुढचं पुस्तक माझ्या कपाटात नेहमी हाताशी असतं : हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी, १९६५ सालची. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. तलाक पीडित स्त्रियांसाठी त्यांनी केलेलं काम आणि १९७० साली पुण्यात स्थापन केलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध अजूनही वाद होतात. वाद करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी 'इंधन' वाचलेली असते, असा माझा अनुभव आहे. सुधारक दलवाई इतके मोठे झाले की लेखक दलवाई त्यांच्यामागे दिसेनासे झाले. १९७७ साली, पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. लेखक म्हणून त्यांच्या हातून अजून खूप व्हायचं होतं.

कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला माणूस ही गोष्ट सांगतो. त्याच्या डोळ्यांदेखत गाव तापत जातं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात वावरलेली माणसं कुठल्या एका क्षणी जमात होऊन उभी राहतात, ते दलवाई आवाज न चढवता दाखवतात. ते आपल्या माणसांना सूट देत नाहीत आणि समोरच्यांनाही देत नाहीत. हे धैर्य मला फार मोठं वाटतं. उणीव सांगायची तर, त्यातल्या बायका माझ्या मनात पुरुषांइतक्या ठसत नाहीत. ज्या लेखकाने पुढे आयुष्य बायकांच्या प्रश्नाला वाहिलं, त्याच्या कादंबरीत त्या अधिक बोलायला हव्या होत्या, असं वाटत राहतं. शिवाय तो गोष्ट सांगणारा माणूस स्वतःच्याच गावात पाहुणा झाला आहे. त्याचं म्हणणं कोणाला नको आहे. हा सल मला जवळून ओळखता येतो.

आता कोशाकडे वळतो. कोश हे वाचायचं पुस्तक नव्हे, असं मानतात. मी ते कादंबरीसारखं वाचतो. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' तयार केला. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि गझल मराठीत रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. हा कोश उघडला की आपण रोज काय बोलतो ते समजतं. कागद, कलम, शाई, दुकान, बाजार, जमीन, खर्च, तारीख, वकील, फिर्याद, शिफारस हे शब्द फारसीतून किंवा फारसीमार्गे अरबीतून आले. मघाशी अम्माच्या तोंडी आलेला 'अंदाज' तिकडचाच. आमच्याकडे शेतकरी भाताच्या आधी शेताची मशागत करतो, ती मशागतही तिकडची. पत्ता लिहिताना आपण 'तालुका मुळशी, जिल्हा पुणे' असं लिहितो. त्यातला तालुकाही तिकडून आला आणि जिल्हाही. पेशवे हा शब्दसुद्धा फारसीच आहे.

गंमत पुढेच आहे. हेच माधवराव नंतर भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. परके शब्द वेचून काढावेत, या विचाराचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला आणि 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक लिहिलं. एका माणसाने आधी कोश करून सांगितलं की घराच्या भिंतीत हे दगड आहेत. मग त्यानेच म्हटलं की हे दगड काढा. मी कोशकाराच्या बाजूचा आहे. शब्द कुठून आला याची जिज्ञासा असावी, पण चार शतकं राबलेल्या शब्दाला उपरा म्हणू नये. तो शेतकऱ्याच्या तोंडी बसला की मराठी झाला. पण माधवरावांवर मी रागावत नाही. मतभेदाची सारी सामग्री त्यांनीच आपल्या हातात ठेवली आहे. विद्वत्तेचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. आपल्याला पुढे अडचणीचं ठरेल असं कामही त्यांनी चोख करून ठेवलं.

शब्दांवरून जमिनीवर येतो. कपाटात राजेंद्र व्होरा यांचं 'मुळशी सत्याग्रह' आहे, १९९४ सालचं. आमच्या पश्चिमेला टाटांचं धरण आहे. मुंबईला वीज देण्यासाठी ते बांधलं गेलं. त्याविरुद्ध मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती' झाले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. जमीन पाण्याखाली गेली. व्होरांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती २००९ साली आली, तिच्या नावातच या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे.

आमच्या तालुक्यात हा लढा भाषणापुरता सांगितला जातो, आणि अभिमानाने सांगितला जातो. व्होरांचं मोठेपण असं, की ते अभिमानावर थांबत नाहीत. पुढारी कोण होते आणि कुठून आले होते? जमीन कसणारा कोण आणि कागद कोणाच्या नावावर? मोबदला कोणाच्या हाती पडला? सावकाराचं हित आणि कुळाचं हित एक होतं का? हे प्रश्न ते विचारतात, आणि मग लढा का फुटला ते उमगतं. आज पिरंगुट ते पौड रस्त्याने जाताना दुतर्फा प्लॉटच्या पाट्या दिसतात. भाताची खाचरं होती तिथे कुंपणं आली आहेत. या वेळी सक्ती नाही, खुशीचा व्यवहार आहे. पण कागद कोणाचा, पैसा कोणाला आणि नंतर कसणाऱ्याचं काय, हे प्रश्न जुनेच आहेत. म्हणून हे पुस्तक तालुक्यातल्या प्रत्येक तरुणाने साताबाऱ्यावर सही करण्याआधी वाचावं, असं मला वाटतं.

तरी एक रुखरुख राहते. अशा इतिहासात आवाज ऐकू येतात ते पुढाऱ्यांचे, वर्तमानपत्रांचे, सरकारी दप्तराचे. कारण लिहिता येत होतं ते त्यांनाच. जिचं घर पाण्यात गेलं ती बाई कागदावर नाही. मग तिला शोधायचं कुठे? उत्तर याच डोंगरांत आहे. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. मुळशी-मावळातल्या बायकांच्या ओव्या त्यात आहेत, आणि कित्येक ओव्या ध्वनिमुद्रित रूपात ऐकायलाही मिळतात. माहेर, भाऊ, सासरचा जाच, पंढरीची वाट, पाऊस, आणि बाईच्या जन्माचा स्वतः केलेला विचार. 'रुचिरा'मध्ये जी बाई मला दिसत नव्हती ती इथे पहाटे जात्याशी बसून बोलते आहे. या ओव्यांचं भाबडं कौतुक मात्र मला रुचत नाही. 'किती गोड, किती निरागस' असं म्हणणारे लोक त्या बायकांनाही पाहुणेच करतात. त्या निरागस नाहीत. त्या हिशेब मांडत आहेत.

आणखी एकच पुस्तक घेतो. रा. चिं. ढेरे हे आमच्या शेजारच्या मावळातले. विठ्ठलावरच्या त्यांच्या संशोधनाला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' नावाचं एक पुस्तक आहे. मराठीत भक्तिपर रचना करणारे किती मुसलमान कवी होऊन गेले, हे त्यांनी धुंडाळून समोर ठेवलं. त्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, सतराव्या शतकातले, 'योगसंग्राम' हा ग्रंथ रचणारे. ढेरे यांचे उपकार फार मोठे आहेत. हे नसतं तर माझ्यासारख्याला आपले पूर्वज सापडले नसते.

पण आपण वाचकांनी त्याचा काय उपयोग केला? शेख महंमदांसाठी एक वेगळा कप्पा केला आणि त्यावर चिठ्ठी लावली. एकोप्याचं भाषण करायचं असलं की तो कप्पा उघडायचा. त्यांची रचना बरी की वाईट, ओवी कुठे सैल पडते, विचार कुठे अवघड होतो, याची चर्चा नाही. मला 'योगसंग्राम' जागोजाग कठीण वाटतो, काही ठिकाणी कंटाळवाणाही वाटतो, आणि काही ठिकाणी झटका देऊन जागा करतो. तुकोबा-एकनाथांच्या ग्रंथांना आपण जसे कस लावतो तसे याही ग्रंथाला लावावेत. शेख महंमदांना वेगळ्या कप्प्यातून काढून एकनाथांशेजारी ठेवावं, आणि मग बोलावं. आदर म्हणजे चिठ्ठी लावणं नव्हे.

श्रोतेहो, एवढ्या पुस्तकांतून मला सांगायचं आहे ते थोडंच. पुस्तकांना घाबरू नका. विद्वानांनी नावाजलं म्हणून नावाजू नका आणि आपल्या जातीधर्माच्या लेखकाने लिहिलं म्हणून गोडही मानून घेऊ नका. एका पुस्तकाशेजारी अगदी वेगळं पुस्तक ठेवून पाहा. पाककृतीशेजारी ओवी, कोशाशेजारी कादंबरी. मत आपोआप तयार होतं. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार ओळी लिहा : काय आवडलं, काय पटलं नाही. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर वहीत लिहा. दहा वर्षांनी ती ओळ वाचाल तेव्हा पुस्तकाबरोबर आपलीही ओळख पटेल.

आणि शेवटी एक विनंती. माझ्यासारखा कोणी मराठीत लिहिणारा भेटला, तो मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, किंवा घरात दुसरीच भाषा बोलणारा असेल, तर त्याच्या मराठीचं कौतुक करू नका. 'स्मृतिचित्रे' तुम्हाला कशी वाटली, 'श्यामची आई' पटली का, असं त्याला विचारा. तो काही वेगळं बोलला तर त्याच्याशी वाद घाला. त्याची कविता आवडली नाही तर तेही सांगा. चहा नंतर पाजलात तरी चालेल.